मोर्चे निघतात, बंदुका राहतात?

२४ मार्च २०१८ रोजी अमेरिकेच्या राजधानीत लाखो माणसे रस्त्यावर उतरली. मोर्चाचे पुढारपण होते शाळकरी मुलांकडे. पाचच आठवड्यांपूर्वी, १४ फेब्रुवारीला, फ्लोरिडातील पार्कलंडच्या शाळेत एका माजी विद्यार्थ्याने सतरा जणांना गोळ्या घालून ठार केले होते. त्यातून बचावलेली मुले व्यासपीठावर होती आणि त्यांना पाठिंबा म्हणून देशभरात आणि देशाबाहेर आठशेहून अधिक ठिकाणी त्याच दिवशी मोर्चे आणि सभा झाल्या. ‘आमच्या जिवासाठी मोर्चा’ असे त्या दिवसाचे नाव होते.

हे दृश्य नवे नव्हते. १४ मे २००० रोजी, मातृदिनी, त्याच शहरात ‘दहा लाख मातांचा मोर्चा’ निघाला होता. साडेसात लाख माणसे आली होती, असा संयोजकांचा अंदाज होता. त्या मोर्चाचे पुढे काय झाले? त्याच वर्षी नोव्हेंबरात जॉर्ज बुश निवडून आले. १९९४ मध्ये दहा वर्षांसाठी केलेली लष्करी धाटणीच्या रायफलींवरची बंदी २००४ च्या सप्टेंबरात मुदत संपून गळून पडली. २००५ मध्ये बंदूक बनवणाऱ्या कंपन्यांना बहुतेक दाव्यांपासून संरक्षण देणारा कायदाही झाला. म्हणजे माता पूर्वेकडे निघाल्या आणि कायदा पश्चिमेकडे गेला.

तेव्हा प्रश्न असा, की अशा मोर्चांनी माणसांची मने बदलतात का? आणि राज्यकर्त्यांचे धोरण बदलते का? हे दोन प्रश्न आपण नेहमी एकात एक गुंतवतो. आधी मने बदलतील, मग मते बदलतील, मग कायदा बदलेल, अशी एक सरळ शिडी आपल्या डोक्यात असते. गेली काही वर्षे हा विषय जवळून वाचताना मला ती शिडी फारशी कुठे दिसली नाही.

आधी मनांचे पाहू. गॅलप ही संस्था अमेरिकेत अनेक दशके एकच प्रश्न विचारत आली आहे : बंदुकांचे कायदे अधिक कडक असावेत का? १९९० मध्ये ७८ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. २०११ मध्ये हे प्रमाण ४३ टक्क्यांपर्यंत घसरले. पार्कलंडनंतर, मार्च २०१८ मध्ये, ते ६७ टक्क्यांवर चढले. २०२१ मध्ये पुन्हा ५२ वर आले. आणि टेक्सासमधील युवाल्डीच्या शाळेत एकोणीस मुले व दोन शिक्षिका मारल्या गेल्यावर, जून २०२२ मध्ये, पुन्हा ६६ झाले. हा आलेख समुद्राच्या भरती-ओहोटीसारखा आहे. हत्याकांड झाले की भरती, दोन-तीन वर्षे गेली की ओहोटी. मोर्चा भरतीच्या वेळी निघतो म्हणून भरती त्यानेच आणली असे वाटते, इतकेच.

पण याच आकड्यांच्या शेजारी आणखी एक आकडा ठेवला पाहिजे. बंदूक विकण्यापूर्वी प्रत्येक खरेदीदाराची पूर्वतपासणी व्हावी का, असे विचारले तर दहापैकी आठ-नऊ अमेरिकन वर्षानुवर्षे ‘हो’च म्हणत आले आहेत. त्यांत बंदूक बाळगणारेही असंख्य आहेत. म्हणजे या मुद्द्यावर मने बदलण्याची गरजच नाही, ती केव्हाच बदललेली आहेत. तरीही केंद्रीय कायदा होत नाही. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकट राज्यात सँडी हूकच्या प्राथमिक शाळेत वीस बालके आणि सहा प्रौढ मारले गेले. त्यानंतर चारच महिन्यांनी पूर्वतपासणीची व्याप्ती वाढवणारा प्रस्ताव सिनेटपुढे आला. बाजूने ५४ मते पडली, विरोधात ४६. बहुमत असूनही प्रस्ताव पडला, कारण तिथल्या प्रथेप्रमाणे ६० मते लागत होती.

खरी गोम इथे आहे. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला दोनच जागा असतात. सहा लाखांहूनही कमी वस्तीच्या वायोमिंगला दोन आणि चार कोटींच्या घरातल्या कॅलिफोर्नियालाही दोनच. बंदूक ही जिथे घरातली रोजची वस्तू आहे अशा ग्रामीण राज्यांचे वजन त्यामुळे आपोआप वाढते. त्यावर १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती आहे आणि शस्त्र बाळगणे हा व्यक्तीचा हक्क आहे असा २००८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णयही आहे. शिवाय दोन बाजूंच्या ओढीत फरक आहे. कडक कायदा हवा असणाऱ्याला महागाई, दवाखान्याचा खर्च, मुलांचे शिक्षण अशा दहा गोष्टींची चिंता असते; बंदूक ही त्यांतली सातवी किंवा आठवी. उलट, आपली बंदूक काढून घेतील अशी धास्ती असलेला मतदार त्याच एका मुद्द्यावर मत देतो, आमदाराला पत्र लिहितो, वर्गणी भरतो. १८७१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशनने हे गणित अचूक ओळखले होते. तिचे बळ पैशात होते, त्याहून अधिक या मतदारात होते.

त्या मतदाराला खलनायक ठरवून आपल्याला काही समजणार नाही. ज्याच्या शेतापासून पोलीस ठाणे तासाभराच्या अंतरावर आहे, त्याला घरातली बंदूक ही आपल्याकडच्या शेतघराच्या कुलपाइतकीच साधी वाटते. वडिलांबरोबर शिकारीला जाणे ही त्याच्या बालपणीची आठवण असते. शहरातला मोर्चा दूरचित्रवाणीवर पाहून त्याचे मन वळत नाही; उलट ‘हे लोक आपल्याला तुच्छ लेखतात’ असे वाटून ते अधिक घट्ट होते. मन वळवणे हे मोर्चाचे काम नव्हेच, असे मी म्हणतो ते यामुळे.

मग धोरण बदलते ते कुठे आणि कसे?

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण नेहमी दिले जाते. २८ एप्रिल १९९६ रोजी टास्मानियातील पोर्ट आर्थर येथे पस्तीस माणसे मारली गेली. पंतप्रधान जॉन हॉवर्ड उजव्या विचारांचे, नुकतेच मोठ्या बहुमताने आलेले. बारा दिवसांत त्यांनी सर्व राज्यांकडून राष्ट्रीय कराराला मान्यता मिळवली आणि लोकांकडून सुमारे साडेसहा लाख बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. न्यूझीलंडमध्ये २०१९ साली क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ जण मारले गेल्यावर महिन्याच्या आत ११९ विरुद्ध १ मताने कायदा झाला. या दोन्ही ठिकाणी सरकारला मोर्चांची वाट पाहावी लागली नाही. मोठे मोर्चे काढले ते ऑस्ट्रेलियातल्या बंदूकवाल्यांनीच. त्यांच्या एका सभेत हॉवर्ड कोटाखाली चिलखती जाकीट घालून बोलायला उभे राहिले होते. अर्थात किंमत चुकली नाही. १९९८ मध्ये क्वीन्सलंडच्या निवडणुकीत ‘वन नेशन’ या नव्या पक्षाने अकरा जागा जिंकल्या, त्यात या रागाचाही वाटा होता. आणि कायदा एकदा केला की काम संपते असेही नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सिडनीच्या बोंडाय किनाऱ्यावर गोळीबार झाला आणि हा विषय तिथे पुन्हा ऐरणीवर आला.

ब्रिटनचे तसे नाही. १३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधील डनब्लेन गावच्या शाळेत सोळा मुले आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या. त्या दिवसांत बहरलेल्या एका पांढऱ्या फुलाचे, स्नोड्रॉपचे, नाव घेऊन परिसरातल्या आयांनी सह्यांची मोहीम काढली. सात लाखांहून अधिक सह्या झाल्या. जॉन मेजर यांच्या सरकारने बहुतेक पिस्तुलांवर बंदी घातली, पण लहान व्यासाची पिस्तुले सोडून दिली. मोहिमेने ती अर्धी भाकरी नाकारली. निवडणूक तोंडावर होती. मजूर पक्षाने पूर्ण बंदीला बळ दिले, मे १९९७ मध्ये तो सत्तेवर आला आणि वर्ष संपण्यापूर्वी उरलेली पिस्तुलेही बंद झाली. इथे लोकांच्या दबावाने निश्चित फरक पडला. पण त्याचे कारण संख्या एवढेच नव्हते. मागणी एका वाक्यात मावणारी होती आणि निवडणूक जवळ होती.

कॅनडाने याची दुसरी बाजू दाखवली. १९८९ मध्ये माँट्रियलच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात चौदा स्त्रियांची हत्या झाली. वाचलेल्या आणि आप्त गमावलेल्या मंडळींनी सहा वर्षे चिकाटी धरली, तेव्हा १९९५ मध्ये बंदुकांच्या नोंदणीचा कायदा झाला. २०१२ मध्ये दुसऱ्या सरकारने त्यातली रायफलींची नोंदणी रद्द केली. मिळवलेले राखावे लागते, हा धडा.

आता पुन्हा पार्कलंडकडे. त्या मुलांनी काहीच मिळवले नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल. हत्याकांडानंतर आठवड्याच्या आतच ती बसने फ्लोरिडाच्या राजधानीत गेली. त्यांच्या डोळ्यांदेखत विधानसभेने रायफलबंदीवर चर्चा घेण्यासही नकार दिला. पण ९ मार्चला, मोठा मोर्चा निघण्याच्या आधीच, रिपब्लिकन गव्हर्नरांनी एका कायद्यावर सही केली : बंदूक खरेदीचे वय अठरावरून एकवीस, तीन दिवसांची प्रतीक्षा आणि धोकादायक वाटणाऱ्या माणसाची बंदूक न्यायालयाच्या हुकमाने तात्पुरती काढून घेण्याची तरतूद. त्याच राज्याने २०२३ मध्ये परवान्याशिवाय लपवून बंदूक बाळगण्याची मुभाही दिली, हेही विसरू नये.

व्हर्जिनिया राज्याची गोष्ट त्याहून बोलकी आहे. मे २०१९ मध्ये तिथे बारा जण मारले गेले. विधिमंडळाचे विशेष अधिवेशन बोलावले गेले आणि दीड तासात गुंडाळले गेले. नोव्हेंबरात मतदारांनी बहुमत बदलले. जानेवारी २०२० मध्ये हजारो बंदूकधारी राजधानीत शस्त्रांसह शक्तिप्रदर्शन करून गेले, तरी नव्या विधिमंडळाने पूर्वतपासणीसह अनेक कायदे मंजूर केले. म्हणजे मोर्चाला मतपेटी भारी पडली, आणि हा नियम दोन्ही बाजूंना सारखाच लागू झाला. जॉर्जियाच्या ल्यूसी मॅकबाथ यांचा मुलगा २०१२ मध्ये गोळीला बळी पडला होता. त्या आधी आंदोलनात आल्या आणि २०१८ मध्ये थेट काँग्रेसवर निवडून गेल्या. जून २०२२ मध्ये जवळजवळ तीस वर्षांनी पहिला महत्त्वाचा केंद्रीय कायदा झाला तेव्हा सिनेटमध्ये पंधरा रिपब्लिकनांनी बाजूने मत दिले. कायदा तोकडा होता. पण २०१३ मध्ये मिळाली नव्हती ती मते या वेळी मिळाली. मधल्या नऊ वर्षांत कोणीतरी दर निवडणुकीत दारोदार फिरत होते, त्याचे हे फळ, असे मला वाटते.

न्यूजर्सीत राहणाऱ्या माझ्या पुतण्याची मुलगी सात वर्षांची असताना मला फोनवर सांगत होती, ‘आजोबा, आज आम्ही दिवे बंद करून कोपऱ्यात गप्प बसायचा खेळ खेळलो. बाईंनी दाराला कडी लावली होती.’ तो खेळ नव्हता. कोणी बंदूक घेऊन शाळेत शिरले तर काय करायचे, याची ती कवायत होती. तिथल्या हजारो मराठी घरांतली मुले ही कवायत करून मोठी होत आहेत. पुतण्याला मी विचारले, मोर्चाला गेला होतास का? तो म्हणाला, ‘नाही काका. पण नागरिकत्व मिळाल्यापासून शाळा-मंडळाची निवडणूकसुद्धा चुकवत नाही.’ मला हे उत्तर मोर्चाइतकेच मोलाचे वाटले.

एक गोष्ट मात्र मोर्चेवाल्यांनाही ऐकवली पाहिजे. अमेरिकेत बंदुकीने वर्षाला चाळीस हजारांहून अधिक माणसे मरतात आणि त्यांत निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. शाळांतली हत्याकांडे हा त्यातला फार छोटा भाग. कॅमेरे तिकडे वळतात म्हणून मोर्चेही तिकडेच वळतात. घरातल्या कपाटात कुलपाविना पडलेल्या पिस्तुलासाठी मोर्चा निघत नाही.

तर मोर्चाचा उपयोग काय? विरोधकाचे मन तो वळवत नाही. जे आधीच आपल्या बाजूचे आहेत पण घरी बसले आहेत, त्यांना तो एकमेकांचे चेहरे दाखवतो. त्यातून याद्या तयार होतात, पत्ते मिळतात, कार्यकर्ते घडतात, कधी उमेदवारही. मागणी नेमकी असेल, निवडणूक जवळ असेल आणि माणसे दुसऱ्या दिवशीही कामाला येणार असतील, तर कायदा हलतो. यातले काहीच नसेल तर उरतात ते फलक आणि छायाचित्रे. वॉशिंग्टनच्या रस्त्यावर किती लाख जमले याची मोजदाद वर्तमानपत्रे मोर्चाच्या दिवशी करतात. ती पुढच्या निवडणुकीनंतर करायला हवी, आणि मोजायचे ते त्यांतले किती जण मतदानाला गेले हे.