पूर्वमंजुरी : अडथळा की आधार? बीड जिल्ह्याचा धडा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया करून घ्यावयाची म्हटली, की पुष्कळ कुटुंबांची पहिली तक्रार मंजुरीविषयी असते. डॉक्टर तयार आहेत, रुग्ण खाटेवर आहे. मग दूर बसलेल्या तिऱ्हाइताची परवानगी कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर बीड जिल्ह्याच्या अलीकडच्या इतिहासात सापडते.

प्रथम ही व्यवस्था समजून घेऊ. विमा देणाऱ्याने केवळ बिल न भरता उपचारांवरही लक्ष ठेवावयाचे, ही पद्धत अमेरिकेत १९७३ च्या एका कायद्यानंतर विशेष फोफावली. आपल्या राज्यात तिचेच एक रूप २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाले. नोव्हेंबर २०१३ मध्ये ते बीडसह उर्वरित जिल्ह्यांत पोहोचले आणि २०१७ मध्ये योजनेला आजचे नाव मिळाले. जुलै २०२४ पासून प्रत्येक कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे.

या योजनेचे तीन खांब आहेत. उपचार केवळ अंगीकृत रुग्णालयातच मिळतात. प्रत्येक उपचाराचा दर आधीच ठरलेला असतो. त्यात तपासण्या, औषधे, रुग्णाचे जेवण आणि घरी परतण्याचे भाडेही येते. तिसरा खांब पूर्वमंजुरीचा. रुग्णालय अहवाल पाठवते, योजनेचे डॉक्टर ते तपासतात आणि मगच शस्त्रक्रियेला संमती मिळते. तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवरूनही संमती घेता येते.

अशी तपासणी नसेल तर काय होते, हे २०१९ मध्ये उघड झाले. बीडमधील ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्याचे आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची माहिती घेतली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. त्यांत चाळिशीच्या आतल्याही अनेक होत्या. एक खाडा झाला तरी मुकादम दंड कापणार, फडावर ना शौचालय ना आडोसा. अशा स्थितीत कर्करोगाची भीती घातली की उचल घेऊनही शस्त्रक्रिया केली जाई. ती खरोखर आवश्यक आहे काय, असे विचारणारा तिसरा कोणीच नव्हता. त्याच वर्षी, खासगी रुग्णालयाने अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा दंडक बीडमध्ये घालण्यात आला. ही पूर्वमंजुरीच होय. पैसे वाचविण्यासाठी नव्हे, तर शरीर वाचविण्यासाठी.

तरीही विम्याचे कार्ड हाती आले म्हणजे धोका टळला, असे समजू नये. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत कुटुंबाला वर्षाला ३०,००० रुपयांचे संरक्षण होते. त्याच कार्डावर छत्तीसगडमध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया झाल्याचे २०१२ मध्ये उजेडात आले. शस्त्रक्रियेचा दर ठरलेला असला, की ती करण्याचा मोहही निर्माण होतो. मंजुरी देणारा कागद पाहतो, रुग्ण पाहत नाही. शिवाय अशा योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी असतात. अंगावरून पांढरे जाणे, कंबरदुखी, साधा जंतुसंसर्ग यांवर वेळीच मिळणारी औषधे बाह्यरुग्ण विभागातली; तेथे हे कार्ड फारसे उपयोगी पडत नाही. साध्या आजाराला वाट नाही आणि मोठ्या शस्त्रक्रियेला मात्र पैसा आहे, ही या व्यवस्थेची खरी उणीव आहे. ती भरून काढण्याचे काम प्राथमिक आरोग्य केंद्राचे आहे. ते सक्षम असावे, हा आग्रह आपण धरला पाहिजे.

तोपर्यंत प्रत्येक कुटुंबाने काही गोष्टी पाळाव्यात. दाखल होण्यापूर्वी रुग्णालय त्या आजारासाठी अंगीकृत आहे काय, हे तेथील आरोग्यमित्राकडून जाणून घ्यावे. शस्त्रक्रियेऐवजी औषधाने भागेल काय, असे डॉक्टरांना नम्रपणे परंतु स्पष्टपणे विचारावे. शक्य असल्यास जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दुसरे मत घ्यावे. मंजूर उपचारासाठी वेगळे पैसे मागितल्यास लेखी तक्रार करावी. धर्मग्रामातील शिकलेल्या तरुणांनी कागदपत्रांच्या कामी वृद्धांना आणि स्थलांतरित कुटुंबांना सोबत केली, तर ती मोठी सेवा ठरेल.

मंजुरीला लागणारा वेळ आपल्याला जाचतो खरा. परंतु त्या वेळात आपणही एक प्रश्न विचारू शकतो. बीडच्या हजारो भगिनींना तेवढी उसंत कोणी दिली नव्हती.