सनदेनंतरची तीन वर्षे

कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या पदासाठी उमेदवाराने किमान तीन वर्षे वकिली केलेली असली पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी दिला. हीच अट त्या न्यायालयाने १९९३ मध्ये घातली होती आणि २००२ मध्ये उठविली होती. ती पुन्हा आली, याचे तत्त्वतः स्वागतच केले पाहिजे. तारखांमागून तारखा पडत असता पक्षकाराचा जीव कसा टांगणीस लागतो, हे ज्याने जवळून पाहिले नाही, त्याने केवळ परीक्षेतील गुणांच्या बळावर न्यायासनावर बसावे, हे उचित नव्हे. तथापि ही तीन वर्षे गरीब घरच्या तरुणाने काढावीत कशी, याचा विचार अद्याप कोणीच केलेला दिसत नाही.

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे किनाऱ्याने जाणाऱ्या रस्त्यावरील आरे-वारे पाहा. तेथील जुळ्या पुळणींची कीर्ती आता सर्वत्र पोहोचली आहे. अशा किनाऱ्यावर जमिनीला भाव आला की सातबाऱ्यावर वर्षानुवर्षे स्वस्थ पडलेली नावे जागी होतात. कोकणात सामायिक हिस्सेदारांपैकी कित्येक मुंबईत असतात, कुळाची नोंद १९४८ च्या कायद्याखालची असते आणि त्यावर किनारा नियमनाची बंधने येतात. अशा वेळी गावही जाणणारा आणि कागदही जाणणारा वकील लागतो. तो याच मातीतून निपजला पाहिजे. त्यासाठी रत्नागिरीत भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालय आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाल्याने उच्च न्यायालयही मुंबईहून आंबा घाटापलीकडे आले आहे. शिक्षण जवळ आले, न्यायालय जवळ आले. नवशिक्या वकिलाची भाकरी मात्र होती तेथेच आहे.

सनदेसाठी कायद्याने ठरविल्यापेक्षा, म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराकडून १२५ रुपयांपेक्षा, अधिक शुल्क घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी बजावले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बार कौन्सिल ऑफ इंडियाने कनिष्ठ वकिलास शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. परंतु शिफारस म्हणजे आज्ञा नव्हे. शिवाय तीन वर्षांच्या अनुभवाचा दाखला न्यायाधिकाऱ्याने किंवा किमान दहा वर्षे वकिली केलेल्या विधिज्ञाने द्यावयाचा आहे. ज्याच्या सहीवर आपले भवितव्य अवलंबून, त्याच्यापाशी वेतनाचा विषय काढण्याचे धैर्य कोणत्या उमेदवारास होईल?

ज्येष्ठ वकील म्हणतात, ‘आम्हीही असेच फुकट राबून शिकलो.’ हे खरे आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी सर्वच ज्येष्ठांची प्राप्ती मोठी नसते, हेही खरे. पण पूर्वीचा गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे, तेव्हा निदान सात घरे त्याचा भार वाटून घेत. आज तो सारा भार एकट्या आईबापांवर पडतो. ज्यांना तो पेलत नाही त्यांची मुले मुंबईच्या एखाद्या कचेरीत नोकरी धरतात आणि न्यायाधीशपदाची वाट बड्या घरांपुरती उरते.

रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या बाबासाहेबांनाही १९२३ मध्ये सनदेसाठी नवल भथेना या मित्राकडून पैसे घ्यावे लागले आणि वकिलीत जम बसेना म्हणून पुढे बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवावा लागला. असा मित्र प्रत्येकास लाभतोच असे नाही. लोकशाहीत ते काम शासनाने करावयाचे असते.

आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये नव्या वकिलांना पहिली तीन वर्षे दरमहा ५,००० रुपये देण्याची योजना आखली होती. महाराष्ट्राने तिचा अभ्यास करावा आणि उत्पन्नाची मर्यादा घालून, पण पोट भरेल असे विद्यावेतन सुरू करावे. वकील संघांनी किमान मोबदल्याचा ठराव करून तो पाळावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांनी गरिबांच्या खटल्यांत कनिष्ठांना मोबदल्यासह काम द्यावे; त्यात पक्षकाराचेही हित आहे.

न्यायाधीश अनुभवी हवा, हे न्यायालयाने सांगितले. तो गरिबाच्या घरातूनही येऊ शकेल, याची तजवीज आता राज्यकर्त्यांनी व वकीलवर्गाने केली पाहिजे.