दोन पट्टे

रांझीतल्या आमच्या घरामागे दहा बाय बारा फुटांची एक खोली मी आणि बाबा बांधतो आहोत. पीएचडीचा प्रबंध लिहायला जागा हवी, एवढंच कारण. दोन खोल्या, पाच माणसं आणि टीव्ही यांत सिद्धांत-बिद्धांत सुचत नाहीत.

मातीच्या भिंतींचा हट्ट माझा. हल्ली 'टायनी हाउस'चं फार कौतुक आहे. लहान, पर्यावरणपूरक, स्वतः बांधलेलं घर. चिखल तुडवायला शिकवणाऱ्या कार्यशाळा फी घेऊन चालतात. हे सांगितलं तेव्हा बाबा हसत सुटले. त्यांच्या आजीनं भंडाऱ्याकडे जन्मभर दुसऱ्यांच्या घरांसाठी चिखल तुडवला, तिला कोणी पर्यावरणवादी म्हटलं नाही.

आई हसली नाही. म्हणाली, "मातीची भिंत मले नको."

२२ मे १९९७ ला पहाटे जबलपूर हादरलं तेव्हा मी तिच्या पोटात होते. ५.८ तीव्रतेचा भूकंप. सिमेंटची घरं तडकली, पण माती-गाऱ्यात रचलेल्या भिंती बसल्या. अशा भिंतींत कोण राहतं, हे या पोर्टलच्या वाचकाला सांगायला नको. भूकंप जात पाहत नाही म्हणतात. भिंत मात्र जातीप्रमाणे मिळते.

मग मी शोधलं. मातीची घरं भूकंपात कशी टिकवावीत याचं भारतीय मानक, आयएस १३८२७, १९९३ चं आहे. म्हणजे भूकंपाच्या चार वर्षं आधीचं! नियम साधे आहेत. भिंतीची उंची जाडीच्या आठपटीहून जास्त नको. दोन आडव्या भिंतींमधली लांबी दहापटीहून जास्त नको. दार-खिडकी १.२ मीटरहून रुंद नको. आणि दारांच्या वर चारही भिंतींना बांधून ठेवणारा सलग पट्टा हवा. बाबांनी भिंत एक फूट जाड धरली होती. त्या हिशेबानं आमची बारा फुटी भिंत नापास. पंधरा इंच केली की पास. तीस वर्षं गवंडीकाम केलेल्या माणसाला हे कोणी सांगितलंच नव्हतं. बांधणारे हात आपले आणि कागद इंग्रजीत, कुठल्यातरी ऑफिसात. तो कागद वाचू शकणारी घरातली पहिली व्यक्ती मी आहे, तुम्हीही असाल. आपल्या डिग्रीचा हा उपयोग मला कुठल्याही सेमिनारपेक्षा मोठा वाटतो.

लहान घराचं कौतुक मात्र मला पचत नाही. अमेरिकेतली आदर्श बांधकाम संहिता ४०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला 'टायनी' म्हणते. आपल्या ग्रामीण आवास योजनेतलं घरकुल किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. मैदानी भागात त्यासाठी १.२० लाख रुपये ठरले, ठेकेदार चालत नाही, घर कुटुंबानंच उभं करायचं. त्यांची हौस आपल्या अख्ख्या कुटुंबाच्या घरापेक्षा मोठी आहे. शिवाय आधी पायाखाली जागा हवी. आमच्या वस्तीत 'पट्टा' म्हटलं की भिंतीचा नाही, जमिनीचा कागद आठवतो. तो नसेल तर पंधरा इंचांच्या भिंतीलाही बुलडोझर पुरतो.

बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांसाठी. आमच्या खोलीत एक कपाट मावेल.

परवा आईनं टेप मागून घेतला आणि चारही भिंती स्वतः मोजल्या. पट्टा पडेपर्यंत आत कोणी झोपायचं नाही, असं तिनं बजावलंय.