डोके हलविण्याची मुभा

अपस्माराने, म्हणजे ज्यास आपण फेफरे म्हणतो त्या विकाराने, पीडित असलेल्या मुलाच्या आईबापांस एक प्रश्न सतत छळीत असतो: हा झटका मेंदूच्या नेमक्या कोणत्या भागातून उठतो? औषधे लागू पडेनाशी झाली आणि शस्त्रक्रियेची गोष्ट निघाली म्हणजे हा प्रश्न फारच निकडीचा होतो. (झटका आलेल्याच्या नाकाशी वहाण अथवा कांदा धरण्याची रीत आमच्याकडे अजून पुरती सुटलेली नाही, ती सुटेल तेवढी बरी.)

मेंदूतील पेशींत विजेचे सूक्ष्म प्रवाह वाहतात. जर्मन वैद्य हान्स बर्गर यांनी १९२४ साली ते डोक्यावरून प्रथम टिपले. परंतु कवटी त्या विजेचे चित्र पुसट करून टाकते. त्याच प्रवाहांपासून उपजणारे चुंबकीय क्षेत्र मात्र कवटीतून जवळजवळ जसेच्या तसे बाहेर येते. अमेरिकेत डेव्हिड कोहेन यांनी ते १९६८ साली मोजून दाखविले. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या मानाने ते कोट्यवधी पटींनी दुबळे असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या कामाची बिकटता कळते.

ते टिपणारी यंत्रे द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवावी लागत. त्यामुळे यंत्र अवजड, आणि त्यातली डोके घालण्याची पोकळी प्रौढ माणसाच्या मापाची. रुग्णाने आत डोके घालून निश्चल बसावयाचे. थोडी हालचाल झाली तरी मोजणी बिघडते. लहान मुलाचे डोके त्या पोकळीत सैल राहते, संवेदक दूर पडतात आणि आधीच क्षीण असलेली खूण अधिकच क्षीण होते. म्हणजे ज्या मुलास या तपासणीची सर्वांत अधिक गरज, त्यासच ती सर्वांत कमी साधत असे. आमच्या मते ही उणीव यंत्राची होती, मुलाच्या चंचलपणाची नव्हे.

इंग्लंडमधील नॉटिंगहॅम विद्यापीठ आणि लंडनचे युनिव्हर्सिटी कॉलेज येथील संशोधकांनी निराळी वाट धरली. त्यांच्या संवेदकात रुबिडियम धातूची वाफ भरलेली चिमुकली काचेची कुपी असते. लेसरचा किरण तिच्यातील अणूंस एका दिशेस वळवितो आणि मग तो सहज पार जातो. बाहेरून चुंबकीय क्षेत्राचा स्पर्श झाला की अणूंची ती शिस्त मोडते व पार जाणारा प्रकाश घटतो. या घटीवरून क्षेत्र मोजता येते. हेलियमची गरजच उरली नाही. आगपेटीहूनही लहान असे संवेदक आता थेट शिरस्त्राणात, टाळूपासून काही मिलिमीटरांवर बसतात.

२०१८ साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. शिरस्त्राण घातलेली व्यक्ती मान डोलवीत होती, चहा पीत होती, फळीने चेंडू टोलवीत होती. आणि मोजणी चालू होती. पुढच्याच वर्षी सायकलस्वाराच्या शिरस्त्राणात फेरफार करून दोन व पाच वर्षांच्या मुलांची तपासणी झाली. मुले दूरचित्रवाणी पाहत बसली होती आणि आई त्यांचा हात कुरवाळीत होती. पाळण्यातून नुकतेच उतरलेले मूल आईजवळ बसून शास्त्रास उपयोगी पडावे, याचे आम्हांस मोठे अप्रूप वाटते. २०२२ साली ब्रुसेल्स येथे अपस्मार असलेल्या पाच मुलांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या, तेव्हा नव्या यंत्रात विकाराच्या लहरी अधिक ठळक उमटल्या.

तरी वाचकांनी घाईने फार मोठी आशा धरू नये. हे शिरस्त्राण घालून रस्त्यावर हिंडता येत नाही. बाहेरचे चुंबकत्व अडविणाऱ्या मिश्रधातूच्या भिंतींची खोली अद्याप लागतेच, आणि त्या खोलीत उरलेले क्षेत्रही तारांच्या वेटोळ्यांनी निस्तेज करावे लागते. नाहीतर मान हलताच त्या क्षेत्रात मेंदूची खूण बुडून जाते. शिवाय, हे यंत्र मनातले विचार वाचते असे कोणी सांगू लागला तर त्यावर विश्वास ठेवू नये. मेंदूचा कोणता भाग केव्हा जागा होतो, एवढेच ते दाखविते.

आपल्याकडे बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत जुन्या, हेलियमच्या पद्धतीचे यंत्र बसविण्यात आले. बहुतेक घरांस मात्र पहिली तपासणी अजूनही बर्गर यांच्याच पद्धतीची, डोक्यावर तारा लावून कागदावर किंवा पडद्यावर रेषा उमटविणारी, मिळेल. ती अनेक शहरांतील रुग्णालयांत होते, आणि तिच्यासाठी झटका पुन्हा येण्याची वाट पाहत बसू नये.