शुश्रूषेच्या घरातली मारहाण

उद्यमबागेतला कामगार पाळीवर, मुले पुण्या-बेंगळूरला आणि घरी दोघे म्हातारे, अशी घरे आपल्याकडे वाढली आहेत. त्यात एकाला पक्षाघात किंवा स्मृतिभ्रंश झाला की दुसरा चोवीस तास बांधला जातो. देशात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना, म्हणजे शंभरातल्या सातांना, स्मृतिभ्रंश असल्याचा 2023 चा अंदाज आहे. त्यांच्या घरांतली मारहाण मात्र चार भिंतींतच राहते.

ती दोन्ही बाजूंनी होते. ‘माझे पैसे चोरलेस’ म्हणत रुग्ण बायकोवर काठी उगारतो, आंघोळ घालताना बोचकारतो. त्याचा राग धरून उपयोग नाही, कारण मेंदूचा ताबा सुटलेला असतो. हे अचानक वाढले तर लघवीचा संसर्ग, दुखणे किंवा औषधाचा परिणामही असू शकतो, डॉक्टरांना दाखवावे. दुसरीकडे, रात्ररात्र जागलेला मुलगा किंवा सून रुग्णाला चापट मारते, खोलीत कोंडते. थकवा खरा असला तरी त्याने मारणे माफ होत नाही.

बँकेत उमर घालवलेल्या आम्हांला तिसरा प्रकारही ठाऊक आहे: पैशाचा. सही न जमणाऱ्या आजारी खातेदाराचा अंगठा घ्यायचा तर बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. काहींना हा नियम जाच वाटतो, पण तो रुग्णाचे रक्षण करतो. एटीएम कार्ड दुसऱ्याच्या हाती गेले की ते रक्षण संपते.

2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आर्थिक छळालाही हिंसाच मानतो. तो स्त्रियांसाठी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निकालानंतर तक्रार घरातल्या स्त्रीविरुद्धही करता येते. वृद्ध पुरुषाला वा स्त्रीला मुले सांभाळत नसतील तर 2007 च्या कायद्याने असिस्टंट कमिशनरच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. पण आजारी नवऱ्याला कोर्टात खेचायला कोणती बायको धजेल? तिला आधी विश्रांती हवी.

म्हणून सभासदांना आमची सूचना आहे. अशा घरी आठवड्यातून दोन तास आळीपाळीने बसावे, म्हणजे सांभाळणाऱ्याला बाहेर पडता येईल. मन हलके करायला टेलिमानस 14416, ज्येष्ठांसाठी 14567, महिलांसाठी 181 आणि जिवावर बेतल्यास 112 हे नंबर फोनपाशी लिहून ठेवावेत.