डाउनलोड-मर्यादा आणि अंध वाचकाचा ग्रंथाधिकार

डोळ्यांऐवजी कानांनी किंवा बोटांनी वाचता येईल अशा रूपात सिद्ध केलेल्या पुस्तकाला सुगम्य पुस्तक म्हणतात, आणि अशी पुस्तके इंटरनेटवरून पुरवणाऱ्या ग्रंथसेवा गेल्या दोन दशकांत जगभर उभ्या राहिल्या आहेत. अमेरिकेत २००२ साली सुरू झालेली ‘बुकशेअर’ ही त्यांतील अग्रगण्य सेवा असून भारतातील वाचकही तिचा लाभ घेतात. भारतात केंद्र शासनाचा दिव्यांगजन सशक्तीकरण विभाग, डेझी फोरम ऑफ इंडिया आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांच्या सहकार्यातून २४ ऑगस्ट २०१६ रोजी ‘सुगम्य पुस्तकालय’ सुरू झाले. एका सदस्याने ठरावीक मुदतीत जास्तीत जास्त किती पुस्तके उतरवून घ्यावीत याचा आकडा ठरवून देण्याची रीत अशा सेवांमध्ये आढळते. या आकड्याला डाउनलोड-मर्यादा म्हणतात. बुकशेअरने व्यक्तिगत सदस्यासाठी ती महिन्याला १०० पुस्तके अशी ठेवली आहे. पुस्तकांचा गैरवापर रोखणे हे अशा सेवांचे कर्तव्य आहे यात वाद नाही. परंतु पुस्तकांची संख्या मोजल्याने ते कर्तव्य पार पडत नाही आणि प्रामाणिक वाचकाचा अभ्यास मात्र अडतो, हे येथे सिद्ध करावयाचे आहे.

सोलापुरातून पाहिले म्हणजे हा प्रश्न किती खोल आहे ते कळते. यंत्रमागाच्या पेठांतील पद्मशाली कुटुंबांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत कन्नड घरोघरी आहे, शहरात उर्दू नांदते आणि मराठी ही सर्वांच्या व्यवहाराची भाषा आहे. येथील विद्यार्थी घरी एका भाषेत बोलतो, शाळेत दुसरीत शिकतो आणि उच्च शिक्षणाचे संदर्भ इंग्रजीत शोधतो. अंध विद्यार्थ्याला यांतील प्रत्येक भाषेचे पुस्तक स्क्रीन रीडरवर, म्हणजे संगणकाच्या किंवा मोबाईलच्या पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणाऱ्या आज्ञावलीवर, ऐकावे लागते किंवा ब्रेलमध्ये वाचावे लागते. २००४ साली स्थापन झालेल्या आणि आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव धारण करणाऱ्या सोलापूर विद्यापीठाचे कार्यक्षेत्र एवढा एकच जिल्हा आहे. करमाळा, बार्शी, सांगोला, मंगळवेढा येथून पदवीसाठी किंवा स्पर्धा परीक्षेसाठी पुढे आलेल्या अंध विद्यार्थ्याला छापील पुस्तकांचे कपाट उपयोगाचे नसते आणि वाचून दाखवणारा माणूस हवा तेव्हा मिळत नाही. अशा वेळी डिजिटल ग्रंथसेवा हेच त्याचे मुख्य ग्रंथालय ठरते. त्यामुळे त्या सेवेचा एखादा नियम चुकला, तर दुसरीकडे जाऊन ती उणीव भरून काढण्याची सोय त्याच्याजवळ नसते.

खंडनापूर्वी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. मर्यादेचे समर्थक चार कारणे देतात. पहिले असे की, पुस्तकांवर लेखक-प्रकाशकांचा स्वामित्वहक्क असतो आणि सुगम्य प्रती बेसुमार उतरवता आल्या तर त्या खुल्या बाजारात फुटतील, प्रकाशकांचा विश्वास उडेल आणि शेवटी अंध वाचकांचेच नुकसान होईल. दुसरे असे की, सार्वजनिक वाचनालयही एका सभासदाला एका वेळी एकदोनच पुस्तके देते, तेव्हा अंध वाचकासाठी निराळा न्याय कशाला? तिसरे असे की, महिन्याला शंभर पुस्तके कोणीच वाचत नाही, म्हणून अशा मर्यादेने खऱ्या वाचकाचे काहीच बिघडत नाही. चौथे असे की, सेवा चालवणाऱ्या संस्थांची साधने तुटपुंजी असतात आणि काहींनी अतोनात उतरवून घेतल्यास इतरांना सेवा संथ मिळते. ही कारणे सद्‍हेतूने दिली जातात, म्हणून त्यांचा विचारही तितक्याच गांभीर्याने केला पाहिजे.

स्वामित्वहक्काचे कारण सर्वांत वजनदार आहे, परंतु कायद्याचा आधार त्याला मिळत नाही. २०१२ साली दुरुस्त झालेल्या भारतीय स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२(१)(झेडबी)नुसार दिव्यांग व्यक्तीच्या उपयोगासाठी कोणत्याही सुगम्य स्वरूपात पुस्तकाची प्रत करणे व ती देणे हा हक्कभंग ठरत नाही. संस्थांवर या कलमाने दोन अटी घातल्या आहेत: प्रती नफा न घेता, फार तर निर्मितीखर्च वसूल करून द्याव्यात, आणि त्या दिव्यांग व्यक्तींकडूनच वापरल्या जातील व व्यापाराच्या नेहमीच्या मार्गांत शिरणार नाहीत यासाठी वाजवी उपाय योजावेत. कायदा वाजवी उपाय मागतो, पुस्तकांची संख्या सांगत नाही. २७ जून २०१३ रोजी मंजूर झालेला मराकेश करार दृष्टिहीनांसाठी सुगम्य प्रती तयार करण्याची आणि त्या देशोदेशी पाठवण्याची मोकळीक देतो, आणि २०१४ साली त्याला अनुसमर्थन देणारा पहिला देश भारत होता. लाभार्थीची खातरजमा करावी, प्रती लाभार्थ्यांनाच द्याव्यात, अनधिकृत प्रतींना आळा घालावा आणि नोंदी ठेवाव्यात, एवढ्याच अपेक्षा तो करार अधिकृत संस्थांकडून बाळगतो. मासिक आकडा त्यातही नाही.

कायदा बाजूला ठेवून परिणाम पाहिला, तरी हे कारण टिकत नाही. पुस्तक फोडायचेच ज्याने ठरवले आहे, त्याला महिन्याला शंभर काय, एकच गाजलेली कादंबरी पुरते. आणि ज्याला काही फोडायचे नाही, तो संशोधक मात्र एकशेएकाव्या पुस्तकापाशी अडतो. संख्येची मर्यादा पुस्तक घेण्याला लागू होते, चोरी मात्र पुस्तक पसरवण्यात असते. स्वतः बुकशेअरने संरक्षणासाठी योजलेल्या उपायांत सदस्याची पात्रता तपासणे, त्याच्याशी करार करणे, प्रत्येक प्रतीत हक्कसूचना घालणे, प्रत कोणी घेतली हे ओळखू येईल अशी अदृश्य खूण तिच्यात ठेवणे, प्रत्येक व्यवहाराची नोंद राखणे आणि फुटलेल्या प्रतींवर पाळत ठेवणे यांचा समावेश आहे. यांपैकी प्रत्येक उपाय गैरवापर करणाऱ्यापर्यंत पोहोचतो, आकडा मात्र सर्वांनाच सारखा संशयित धरतो. शिवाय स्वामित्वहक्क संपलेल्या पुस्तकांवर मर्यादा घालण्याचे समर्थन या कारणाने मुळीच होत नाही. भारतात हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी संपतो. सोलापूरचे शाहीर राम जोशी यांच्या लावण्या, मंगळवेढ्याच्या चोखामेळ्याचे अभंग, १९१५ साली प्रसिद्ध झालेले टिळकांचे ‘गीतारहस्य’ आणि १९५० साली निवर्तलेल्या साने गुरुजींचे साहित्य आज सर्वांचे आहे. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे, तेथील अंध वारकऱ्याने सगळी संतवाणी एका दिवसात उतरवून घेतली, तरी कोणाच्याही हक्काला धक्का लागत नाही.

वाचनालयाचा दाखला ऐकताना पटतो, पण वाचनालय मर्यादा का घालते याचा विचार त्यात सुटतो. वाचनालयाजवळ पुस्तकाची एक प्रत असते. ती एकाच्या घरी गेली की दुसऱ्याला थांबावे लागते, म्हणून वाटप मोजून करावे लागते. दुष्काळात टँकरचे पाणी घागरीने मोजून द्यावे लागते, कारण टँकर रिकामा होतो. डिजिटल पुस्तक हजार जणांनी घेतले तरी पहिल्याइतकेच शिल्लक राहते. वाचनालयाचा नियम हा एका वेळी किती पुस्तके जवळ ठेवावीत याचा असतो, महिन्याला किती वाचावीत याचा नसतो. सकाळी घेतलेले पुस्तक परत करून सभासदाने संध्याकाळी दुसरे नेले, तर ग्रंथपाल त्याला अडवत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डोळस सभासद कपाटापाशी उभा राहून पन्नास पुस्तके चाळतो, अनुक्रमणिका आणि सूची पाहतो आणि त्यांतले एक घरी नेतो. ती पन्नास पुस्तके कोणी त्याच्या खात्यावर मांडत नाही. अंध वाचकाला चाळण्याचा मार्ग बहुधा एकच असतो, तो म्हणजे पुस्तक उतरवून घेऊन उघडणे. तेव्हा वेगळा न्याय मागितला जातो हा आक्षेप उलटा आहे: मर्यादेमुळेच डोळस वाचकाला असलेली मोकळीक अंध वाचकाला नाकारली जाते.

शंभर पुस्तके कोण वाचतो, या तिसऱ्या कारणाचे उत्तर यातूनच निघते, कारण उतरवलेले प्रत्येक पुस्तक वाचण्यासाठीच असते असे नाही. मे १९३० मध्ये सोलापुरात पुकारलेल्या मार्शल लॉवर एखादा अंध विद्यार्थी प्रबंध लिहीत आहे असे समजू. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली, हे तो जाणतो. त्याला हवे असतात ते त्या प्रकरणाचे उल्लेख. ते सविनय कायदेभंगाच्या इतिहासात दोन पानांत, गिरणी कामगार चळवळीच्या ग्रंथात एका परिच्छेदात आणि एखाद्या आत्मचरित्रात तळटीपेत असू शकतात. साठ ग्रंथ उघडून त्यांत शोध घ्यावा तेव्हा दहा कामाचे निघतात, आणि मर्यादेच्या हिशेबात मात्र साठ पुस्तके खर्ची पडलेली असतात.

त्यात प्रतींच्या गुणवत्तेचा प्रश्न आहे. छापील पानाचे छायाचित्र घेऊन यंत्राकडून त्याची अक्षरे ओळखवण्याच्या प्रक्रियेला ओसीआर म्हणतात, आणि देवनागरीत ती अजून चुकते: ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो, जोडाक्षर तुटते आणि पानाच्या माथ्यावरील शीर्षक वाक्याच्या मध्येच वाचले जाते. डोळा अशी चूक क्षणात सुधारून पुढे जातो, पण कानाला ‘भाव’च्या जागी ‘माव’ ऐकू आले की वाक्य मागे नेऊन अक्षर-अक्षर ऐकावे लागते. असे पुस्तक दहाव्या मिनिटाला निरुपयोगी ठरले, तरी उतरवल्याची नोंद तशीच राहते. तेच पुस्तक एकदा ब्रेल फाइलच्या रूपात आणि एकदा डेझी रूपात हवे असू शकते. डेझी म्हणजे प्रकरण, शीर्षक आणि पान यांवरून थेट उडी मारता येईल अशी रचना. या प्रत्येक वेळी आकडा वाढत असेल, तर तो वाचनाचे मोजमाप उरत नाही.

साधनांच्या तुटपुंजेपणाचे कारण खरे आहे, पण त्यावरचा उपाय दुसरा आहे. नुसत्या मजकुराचे सुगम्य पुस्तक थोडी जागा घेते, ध्वनिमुद्रित पुस्तकाला मात्र त्याच्या कितीतरी पट जागा लागते. दोन्हींना एकाच संख्येने मोजल्यास सर्व्हरवरील, म्हणजे पुस्तके साठवणाऱ्या मध्यवर्ती संगणकावरील, भार कळत नाही. भार हलका करायचा तर एका तासात किती माहिती वाहून न्यावी याचा वेग आवरावा किंवा मोठ्या मागण्या रात्रीच्या वेळी पुऱ्या कराव्यात. सुटीत गावी जाणारा विद्यार्थी तेथे रेंज मिळेल की नाही या शंकेने महिन्याभराची पुस्तके महाविद्यालयाच्या वाय-फायवर एका दुपारी उतरवतो. ही त्याची दूरदृष्टी आहे, तिला हाव म्हणता येणार नाही.

एवढे खंडन केल्यावर एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. आज्ञावली लावून अख्खा संग्रह आपोआप उपसण्याचा धोका खरा आहे आणि त्याकडे काणाडोळा करणारी संस्था प्रकाशकांच्या विश्वासाला पात्र ठरणार नाही. परंतु असा उपसा त्याच्या वेगावरून आणि क्रमावरून ओळखता येतो. माणूस विषय धरून निवडतो, यंत्र यादी धरून ओढते. म्हणून मर्यादा घालायचीच असेल, तर ती वर्तनावर असावी, संख्येवर नसावी.

यावरून मंडनाचा पक्ष असा उभा राहतो. सदस्याची पात्रता एकदा नीट तपासून झाल्यावर त्याच्यावर विश्वास हा नियम असावा आणि रोख हा अपवाद. असामान्य वेग दिसल्यास खाते तडकाफडकी बंद न करता संस्थेतील माणसाने सदस्याकडे चौकशी करावी. हक्कमुक्त पुस्तके, अयशस्वी प्रयत्न, सदोष प्रती आणि एकाच पुस्तकाची निरनिराळी रूपे कोणत्याही हिशेबात धरू नयेत. उतरवण्यापूर्वी अनुक्रमणिका आणि पहिले प्रकरण वाचण्याची सोय द्यावी, म्हणजे चाळण्याचा हक्क वाचकाला मिळेल आणि भारही घटेल. विद्यार्थी, शिक्षक आणि संशोधक यांना साध्या विनंतीवर आकडा उठवून मिळावा. प्रकाशकांना या संरक्षणव्यवस्थेचा वार्षिक अहवाल द्यावा, म्हणजे त्यांचा विश्वास आकड्याऐवजी पुराव्यावर उभा राहील.

याहून मोठे काम संग्रह वाढवण्याचे आहे. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे ५० लाख दृष्टिबाधित व्यक्तींची नोंद झाली आणि एकट्या महाराष्ट्रात ती संख्या साडेपाच लाखांच्या वर होती. इतक्या वाचकांपुढे मराठीतील सुगम्य पुस्तके आजही थोडी आहेत, आणि याचे एक कारण मराठी छपाईच्या सवयीत आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेली फाइल पडद्यावर मराठी दिसते, पण स्क्रीन रीडर तिच्यातून अर्थहीन चिन्हेच वाचून दाखवतो; तेच पुस्तक युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच संकेतांक देणाऱ्या पद्धतीत, तयार झाले तर ते पहिल्याच दिवशी सुगम्य होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६च्या कलम ४२ने मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम्य स्वरूपात उपलब्ध होईल हे पाहण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. ती कागदावर राहू नये यासाठी शासकीय अनुदान घेणाऱ्या प्रत्येक प्रकाशनाने युनिकोड प्रत सुगम्य ग्रंथसेवेकडे जमा करण्याची अट शासनाने घालावी.

ग्रंथसेवा चालवणाऱ्या संस्थांनी अंध वाचकासाठी जे केले आहे, त्याचे ऋण मान्य करूनच ही मागणी करावयाची आहे. जी पुस्तके कोणालाही न दुखावता आणि काहीही कमी न होता देता येतात, ती मोजून देण्याला न्यायाचा आधार नाही. सोलापूरच्या विद्यापीठाने, येथील महाविद्यालयांनी आणि सार्वजनिक वाचनालयांनी आपल्या अंध वाचकांच्या वतीने या सेवांना पत्रे लिहून संख्येची मर्यादा उठवण्याची मागणी करावी, आणि मराठी प्रकाशकांनी आपल्या पुढच्या पुस्तकाची युनिकोड प्रत आपणहून त्यांच्याकडे पाठवावी.