रिकाम्या बाटलीचे मोल

चिचगड हे देवरी तालुक्यातील, छत्तीसगडच्या सीमेजवळचे, धानाच्या बांध्यांनी व जंगलाने वेढलेले गाव. हंगामात बारदान्याला केवढे मोल येते, हे या मुलखातील कोणाही शेतकऱ्यास विचारावे. रिकामे पोते झटकून, फाटले असल्यास शिवून, घडी घालून ठेवले जाते. ते रस्त्यावर टाकण्याचा अविचार कोणी करीत नाही. पण पाणी पिऊन रिकामी झालेली प्लॅस्टिकची बाटली मात्र धुऱ्यावर, नाल्यात अथवा बसथांब्याच्या मागे खुशाल भिरकावली जाते. माणूस तोच आणि रस्ताही तोच. मग एका रिकाम्या वस्तूविषयी एवढी दक्षता आणि दुसरीविषयी एवढी बेफिकिरी का? उत्तर उघड आहे. पोत्याला किंमत आहे, बाटलीला नाही.

रस्त्यांवरील घाणीचा विषय निघाला की लोकांच्या वृत्तीवर प्रवचने झोडण्याची आपल्याकडे प्रथा पडली आहे. ही वृत्ती सुधारावी हे आम्हांस मान्यच आहे. परंतु ज्या समाजाने गेल्या पिढीपर्यंत एकही बाटली वाया जाऊ दिली नाही, तो समाज एकाएकी बिघडला असे आम्ही मानीत नाही. सोड्याची गोटीची बाटली दुकानदारासमोरच रिकामी करून परत द्यावी लागे. आरे वसाहतीचे दूध मुंबईत घरोघर काचेच्या बाटल्यांतून जाई आणि रिकामी बाटली दिल्यावाचून भरलेली मिळत नसे. स्वयंपाकाच्या गॅसची टाकी आजही अनामत भरूनच घरी येते. ती उकिरड्यावर पडलेली कोणी पाहिली आहे काय? बिघडली ती वृत्ती नव्हे, बिघडला तो व्यवहार. उत्पादकाने वस्तू एकदाच वापरून फेकण्याजोगी केली, तिच्या विल्हेवाटीचा भार गावाच्या माथी मारला आणि मग दोष मात्र गावकऱ्यांच्या पदरी टाकला.

हा भार शहराला कसाबसा पेलतो. तेथे घंटागाडी आहे, सफाई कामगार आहेत, भंगाराचे दुकान हाकेच्या अंतरावर आहे. चिचगडसारख्या गावची गोष्ट वेगळी. 2016 च्या केंद्रीय नियमांनी प्लॅस्टिक कचऱ्याची जबाबदारी ग्रामपंचायतींवरही टाकली. पण जबाबदारीबरोबर साधने आली नाहीत. भंगारवाला बाटली वजनावर घेतो. लिटरभर पाण्याच्या बाटलीचे वजन साधारण वीस-पंचवीस ग्रॅम. म्हणजे किलोभरासाठी चाळीस-पन्नास बाटल्या वेचाव्या लागतात. एवढे ओझे तालुक्याच्या गावी नेण्याचे भाडेही त्यातून सुटत नाही. मग बाटली पडून राहते, पावसाळ्यात नाल्यात जाते किंवा उघड्यावर जाळली जाते आणि तिचा विषारी धूर शेजारच्या घरात शिरतो.

यावरील उपाय अपरिचित नाही. बाटली विकताना थोडी अनामत घ्यावी आणि ती परत आणणाऱ्याला तेवढी रक्कम रोख द्यावी. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने असा कायदा 1971 मध्ये केला. जर्मनीत 2003 पासून एकदाच वापरायच्या बाटल्या-डब्यांवर अशी अनामत आहे आणि तेथे अशा बहुतेक सर्व बाटल्या परत येतात. पण परदेशाचे दाखले तरी कशाला? नीलगिरी जिल्ह्यात फुटक्या दारूच्या बाटल्यांनी हत्तींचे पाय चिरू लागले, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाने कान उपटल्यावर तमिळनाडूच्या सरकारी दुकानांनी 2022 मध्ये प्रत्येक बाटलीमागे दहा रुपये अनामत घेण्यास आरंभ केला आणि रानात फुटणाऱ्या बाटल्या दुकानाच्या दारी परत येऊ लागल्या. त्याच वर्षी केदारनाथच्या वाटेवर पाण्याच्या बाटल्यांसाठी अशीच योजना झाली. आपल्या शेजारच्या गोव्याने 2024 मध्ये अनामत-परताव्याची योजना अधिसूचित केली. नीलगिरीचा धडा तर गोंदियाने विशेष ध्यानी घ्यावा. 2021 मध्ये छत्तीसगडातून गडचिरोलीत उतरलेला रानहत्तींचा कळप पुढे या जिल्ह्यातही येऊन गेला आहे, आणि नवेगाव-नागझिऱ्याचे व्याघ्रवन येथेच आहे.

खेदाची गोष्ट ही की, या बाबतीत महाराष्ट्राने पहिले पाऊल कधीच टाकले होते. 23 मार्च 2018 च्या प्लॅस्टिकबंदीच्या अधिसूचनेत मोठ्या बाटलीस एक रुपया, लहान बाटलीस दोन रुपये आणि दुधाच्या पिशवीस पन्नास पैसे असे परताव्याचे दर योजिले होते. लहान बाटलीच अधिक फेकली जाते, म्हणून तिलाच दर अधिक. ही योजना शहाणपणाचीच होती. जून 2019 मध्ये पर्यावरणमंत्री श्री. रामदास कदम यांनी दुधाच्या पिशवीच्या परताव्याची विधिमंडळात पुन्हा ग्वाही दिली. तथापि आजही गावच्या दुकानी रिकामी बाटली घेऊन जाणाऱ्याच्या हाती रोख परतावा पडताना क्वचितच दिसतो. बंदीचा दंड गरीब भाजीवाल्याकडून वसूल झाला. परताव्याचे कलम मात्र, ज्यात उत्पादकाला पदरमोड करावी लागणार होती, कागदावरच राहिले.

आक्षेप घेणारे तीन गोष्टी सांगतात. पहिली, किरकोळ दुकानदाराला हा व्याप झेपणार नाही. त्यांचे म्हणणे खरे आहे. म्हणून बाटलीमागे त्याला हाताळणीचे काही पैसे उत्पादकाने द्यावेत आणि आठवडी बाजाराच्या दिवशी ग्रामपंचायतीने महिला बचत गटामार्फत संकलन-केंद्र चालवावे. दुसरी, सीमेपलीकडून अनामत न भरलेल्या बाटल्या येतील. चिचगडच्या बाबतीत हा धोका खराच आहे. पण बाटलीवर स्वतंत्र खुणेची चिठ्ठी लावली की तो टळतो. तिसरी, वस्तू महागेल. परंतु जी रक्कम परत मिळते ती किंमत नव्हे. आणि जो बाटली फेकून देतो त्याने ती सोडावी हेच न्यायाचे आहे.

आणखी दोन पथ्ये आम्ही सुचवू. परतावा बाटली आणणाऱ्यास मिळावा, विकत घेणाऱ्यासच नव्हे. म्हणजे कचरा वेचणाऱ्या बायाबापड्यांच्या पदरी वजनाच्या क्षुल्लक पैशांऐवजी कष्टाचे मोल पडेल. आणि परत न मागितलेली अनामत उत्पादकाच्या तिजोरीत न राहता ग्रामपंचायतीच्या स्वच्छतेच्या खर्चास यावी. अन्यथा बाटल्या परत न येण्यातच उत्पादकाचा लाभ राहील.

अनामतीने सारी घाण जाईल असा आमचा दावा नाही. खर्ऱ्याची पन्नी अथवा पुडीचे वेष्टन कोणी परत आणून देणार नाही; त्यासाठी बंदी कसोशीने अमलात आणणे हाच मार्ग होय. पण बाटलीपुरता प्रश्न सुटण्याजोगा आहे, कायद्याची पायवाटही पडलेली आहे. उणीव आहे ती चालण्याच्या इच्छेची.

शासनाने मुंबई-पुण्याची वाट न पाहता, जेथे घंटागाडी पोचत नाही अशा चिचगडसारख्या गावांपासूनच आरंभ करावा. पाण्याची बाटली आणि दारूची बाटली, या दोहोंवर एका तालुक्यात एक वर्ष अनामत लावून पाहावी. दारूच्या प्रत्येक बाटलीवर सरकार आपले शुल्क चोख वसूल करते. तिच्या काचांचा हिशेबही त्यानेच ठेवला पाहिजे. ज्या शेतकऱ्याला रिकाम्या पोत्याचे मोल कळते, त्याला रिकाम्या बाटलीचे मोल शिकवावे लागणार नाही. ते मोल सरकारने तिच्यावर छापावे आणि मागेल त्याला मोजून द्यावे, एवढेच बाकी आहे.